बोला सर

शनिवारी बोलायचं आहे हे सरांना सोमवारी कळलं आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात जो गोळा आला, तो काही केल्या विरघळेना.

मोठ्या बाई शाळेत नव्याने रुजू झाल्या होत्या. हुशार बाई, कामाचा उरक दांडगा. आल्या आल्या त्यांनी मागच्या बाकावर बसून सगळ्यांचे तास पाहिले आणि सरांचा विज्ञानाचा तास पाहून तर त्या हरखूनच गेल्या. बाक गोल करून मांडलेले, मधे पाण्याच्या बादल्या. मुलं खिळे, बुचं, स्टीलच्या वाट्या पाण्यात सोडतायत, हमरीतुमरीवर येऊन वाद घालतायत, आणि सर आपले खिडकीला टेकून अधूनमधून एवढंच म्हणतायत, "बोला. पुढे बोला." मुलांनी त्यांचं नावच 'बोला सर' पाडलं होतं.

"सर, शनिवारी मी आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक बोलावलेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमची शिकवण्यामागची भूमिका मांडायची. दोन पानं लिहून आणा, आणि अर्धा तास बोला. पुढच्या वर्षापासून सगळ्या वर्गांत हीच पद्धत आणायचं माझ्या मनात आहे."

सरांनी मान हलवली. मान हलवायला काही आवाज लागत नाही.

खरी गोम अशी की सरांना चारचौघांत बोलताच येत नसे. नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्गासमोर उभे राहिले, घोकून घोकून पाठ केलेला धडा ओठांशी आला आणि तिथेच अडकला. घशाला कोरड, तळहात ओले, कानात नुसतं घूं घूं. समोरच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, बर्फ पाण्यावर का तरंगतो?" उत्तर त्यांना झोपेतसुद्धा देता आलं असतं, पण जीभ टाळूला चिकटलेली. कसंबसं तोंडातून निसटलं, "तुला काय वाटतं? बोल."

आणि ती बोलली. तिचं चुकलं म्हणून शेजारचा बोलला, त्याला तिसऱ्याने खोडून काढलं. बघता बघता वर्ग पेटला, आणि सरांकडे बघायला कुणाला सवडच उरली नाही. त्या दिवशी सर सुटले. दुसऱ्या दिवशी तेच केलं, तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्यातच केस पांढरे झाले.

पुढे प्रशिक्षण शिबिरांत त्यांना समजलं की आपण करतो त्याला शास्त्राचा आधार आहे. ज्ञान वरून ओतायचं नसतं, मूल ते आपलं आपण रचतं. शिक्षकाने वाटाड्या व्हायचं. मूल आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे असलेल्या सोबत्याकडून चटकन शिकतं. लपायला गेलेल्या माणसाला तिथेच कुणी मानाची खुर्ची द्यावी, तसं झालं. सरांनी पुस्तकं आणली, वाचली, आणि मनापासून पटली म्हणून पाळली. मुलं शिकत होती, हसत होती. खोटं त्यात काहीच नव्हतं. फक्त सुरुवात कशी झाली, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

दोन पानं मात्र झरझर लिहून झाली. कागदाला कुठे डोळे असतात! बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. घरी येऊन तिने चहाचा कप हातात घेतला आणि उभ्या उभ्याच ती पानं वाचली.

"झकास लिहिलंय हो," ती म्हणाली. "एवढं बोलणारा नवरा माझ्या वाट्याला कधी आला, तेच आठवत होते."

"थट्टा करू नकोस. शनिवारी माझी दातखीळ बसणार आहे."

"मग बसू दे. मुलांना बोलायला लावता तसं त्या मास्तरांना लावा."

सरांनीही तोच बेत मनात केला होता, पण तो तिच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना उगाचच शरमल्यासारखं झालं.

बुधवारी मधल्या सुट्टीत शिपायाने निरोप आणला की एक पालक आल्यात. नववीतल्या एका मुलीची आई होती ती. बसडेपोत तिकीटखिडकीवर बसायची आणि गणवेशातच, जेवणाच्या सुट्टीतून धावत आली होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"सर, तिला माहीत नाही मी आलेय ते. सांगू नका."

"नाही सांगणार. काय झालं?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती उलटी करते. डॉक्टर झाले, औषधं झाली. त्यांना पोटात काही सापडत नाही. मग मी वेळापत्रक काढून बघितलं." बाईंनी आवाज खाली आणला. "त्या दिवशी तुमचा तास असतो."

सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. "माझा? अहो, मी तर मुलांना रागावतसुद्धा नाही."

"तेच मी तिला म्हटलं. सर तर देवमाणूस आहेत. तर म्हणते, आई, सर रागावत नाहीत गं, पण पाळी येते. गटातून उठून सगळ्यांसमोर बोलायची."

सरांनी तयार ठेवलेली वाक्यं एकेक करून बाहेर काढली. सुरुवातीला बुजतात मुलं. सोबत्यांमध्ये मोकळी होतात. वेळ द्यायला हवा. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ती वाक्यं पोकळ वाटायला लागली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची पद्धत चांगलीच असणार, सर. मी शिकलेली नाही फार. पण ती एक गोष्ट सारखी विचारते, त्याचं उत्तर मला देता येत नाही. म्हणते, सरांना एवढं सगळं येतं, तर ते एकदा आम्हाला नीट सांगत का नाहीत?"

सुट्टी संपत आली होती. बाई आल्या तशा लगबगीने निघून गेल्या. सर शिक्षकांच्या खोलीत रिकामा पेला हातात धरून बसून राहिले.

शुक्रवारी तास होता. त्या दिवशी सरांनी प्रथमच त्या मुलीकडे नीट पाहिलं. दाराजवळच्या गटात, बाकाच्या अगदी कडेला. बादलीत हात घालायला ती मागे नव्हती. वाटी कशी सोडायची, किती खडे टाकले की बुडते, सगळं तीच करत होती, आणि इतर नुसते ओरडत होते. पण गट बोलायला उठू लागले तशी ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. पुढे किती गट, मधे किती जण. हे मोजणं त्यांच्या ओळखीचं होतं. शिबिरांत ओळख करून द्यायची वेळ आली की तेही असेच मोजत.

तिच्या गटाची पाळी आली. "कुणीही बोला," सर घाईघाईने म्हणाले.

"असं कसं, सर?" गटातला एक मुलगा उसळला. "तिचीच पाळी आहे. दर वेळी पाणी प्यायला जाते आणि सुटते. आम्हीच काय मरायचं?"

त्याचंही चूक नव्हतं. नियम सरांचाच होता.

ती उभी राहिली. ओठ पांढरेफटक. वर्ग थांबला. कुणीतरी खुदकन हसलं. वीस वर्षं हाताशी असलेला शब्द सरांच्या तोंडापर्यंत आला. बोल. एवढंच म्हणायचं आणि खिडकीला टेकून वाट बघायची. तिचा हात पोटाकडे गेला आणि तो शब्द त्यांनी गिळला.

"बस तू," ते म्हणाले. "हे मी सांगतो."

सर फळ्याकडे गेले. खडू उचलला, तो मोडला. अर्धा उचलून त्यांनी जहाज काढायला घेतलं, ते बुटासारखं दिसायला लागलं. मागे हशा पिकला. ते वळले तर सगळा वर्ग त्यांच्याकडेच बघत होता, आणि घसा तसाच कोरडा, पहिल्या दिवशीसारखा.

"लोखंडाचा खिळा... खिळा बुडतो," ते म्हणाले. "आणि जहाज... जहाज लोखंडाचंच असतं..."

"सर, तुम्हाला येत नाही का?" कुणीतरी विचारलं. खोडसाळपणा नव्हता त्यात, नवल होतं.

"येतं," सर म्हणाले. "सांगता येत नाही. भीती वाटते मला."

हशा थांबला. ते पाणी प्यायले आणि फळ्याकडे तोंड करूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाणी बाजूला सारावं लागतं. जेवढं पाणी वस्तू बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. खिळा एवढासा, तो किती पाणी सारणार? तेच लोखंड ठोकून वाटीसारखं पसरलं की ते पुष्कळ पाणी सारतं. अडखळत, मागे जात, एक वाक्य दोनदा म्हणत त्यांनी सांगितलं. चांगलं असं काही झालं नाही ते. मागच्या दोघांनी जांभया दिल्या. घंटा झाली तेव्हा सरांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

मुलं बाहेर पडली. ती मुलगी बादली ओतायच्या निमित्ताने मागे रेंगाळली. बादलीकडेच बघत म्हणाली, "सर, वाटीला भोक पडलं तर ती बुडते. वजन तर तेवढंच असतं."

"मग तुला काय..." सरांनी स्वतःला आवरलं. "आत पाणी शिरतं. मग वाटीला आपल्या पोकळ जागेने पाणी सारून धरता येत नाही. उरतो नुसता पत्रा. तो खिळ्यासारखाच."

तिने मान हलवली. बादली घेऊन गेली.

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. मोठ्या बाईंनी सरांची तोंड भरून ओळख करून दिली. सर उभे राहिले. पहिलं पान त्यांनी वाचून काढलं, भरभर, एका सुरात. मग गट करायला सांगावं असा बेत होता. समोर मास्तर-बाई मंडळी हाताची घडी घालून बसली होती. त्यांच्यातही कुणीतरी बोटांवर मोजायला लागेल, हे सरांच्या मनात आलं आणि दुसरं पान त्यांना वाचवेना.

"हे सगळं मला पटतं," ते म्हणाले. "पण एक सांगायला हवं. ही पद्धत मुलांसाठी चांगली आहे म्हणून मी सुरू केली नाही. मला बोलायची भीती वाटते, म्हणून सुरू केली. ती बऱ्याच मुलांना मानवली. काहींना नाही मानवली, आणि ते मला इतकी वर्षं दिसलं नाही. मूल मध्यभागी ठेवायचं म्हणतो आपण. मी पद्धत मध्यभागी ठेवली होती."

आणखी काय बोलावं ते सुचेना, म्हणून ते खाली बसले. अर्ध्या तासातलं बरंचसं शिल्लक होतं.

मागून एक ज्येष्ठ मास्तर खुशीत येऊन म्हणाले, "म्हणजे आमचं फळ्यावर शिकवणंच खरं! मी तर पहिल्यापासून सांगतोय."

"नाही हो," सर कळवळून म्हणाले. "तसंही नाही."

"मग कसं?"

"मला माहीत नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला होता. चहाच्या वेळी त्या सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण केलंत, सर. आता हे लोक काहीच बदलणार नाहीत." त्या रागावल्या नव्हत्या, थकल्यासारख्या दिसत होत्या, आणि सरांना त्याचंच जास्त लागलं. सगळ्या वर्गांत पद्धत आणायचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही.

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. तिने त्यांच्या हातातली ती दोन पानं घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशीच बोलायचा कंटाळा आहे." इतक्या वर्षांचं हे दुसरं ओझं, त्याचा सरांना पत्ताच नव्हता.

मंगळवारी तासाला त्यांनी वर्गाला विचारलं की कुणाला कसं शिकायला जमतं. नेहमी ओरडणारा मुलगा म्हणाला की ऐकून त्याच्या डोक्यात काहीच शिरत नाही, हाताने करू द्या. दोघी म्हणाल्या, आधी तुम्ही सांगा, मग आम्ही करतो. एकाला फक्त जोडीने काम हवं होतं. ज्यांना सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं त्यांना सरांनी चिठ्ठी टाकायला सांगितलं, तर चिठ्ठ्या त्यांच्या अंदाजाच्या दुप्पट निघाल्या. वर्गात सगळ्यात जास्त हसणाऱ्या मुलाचीही एक होती.

सरांचं काम वाढलं आणि चैन गेली. पूर्वी तास आपोआप चालायचा, आता प्रत्येक तासाची आधी तयारी करावी लागायची. रोज थोडा वेळ ते फळ्याशी उभे राहून सांगायचे, मग मुलं बादल्यांकडे जायची, आणि ज्यांना सगळ्यांसमोर बोलायला नको असेल ती सरांच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात आपलं म्हणणं सांगायची. कधी हे फसायचं. कधी गोंगाटात टेबलाशी काय बोललं गेलं ते सरांना ऐकूच यायचं नाही. ती मुलगी वर्ष संपेपर्यंत सगळ्यांसमोर बोलली नाही. तिच्या आईने एकदा निरोप पाठवला की आता मंगळवार बरा जातो, शुक्रवारचं अजून सांगता येत नाही.

तो निरोप वाचून सर वर्गाकडे निघाले. शुक्रवारच होता. पुढे जाऊन त्यांनी खडू उचलला आणि म्हणाले, "आज मी सुरुवात करतो. कळलं नाही तर थांबवा."