शेवटच्या पोवरचा शेणकिडा

मी शेणकिडा बोलतोय. आष्टीकडच्या एका वस्तीवर, तात्याबांच्या गोठ्यामागे मातीत माझा जन्म झाला. रंग काळा, पाठ टणक. पुढचे पाय फावड्यासारखे. मागच्या लांब पायांनी मी शेणाची गोळी उलटा चालत ढकलतो. त्या गोळीत आमचं एक लेकरू वाढतं.

दिवाळी झाली. ऊसतोडीला जायच्या आधी तात्याबांची सून उज्ज्वला हिनं अंगणात जोंधळे वाळत घातले. उन्हाच्या तडाख्यानं एक सोंडकिडा त्यातून बाहेर पडला. केवढासा जीव! मी गोळी घेऊन चाललो होतो.

"थकला का रं दादा?" तो हसला. "आमची बाई सोंडेनं दाण्याला भोक पाडती, आत अंडं ठिवती, वरून लिपून घेती. घर बी तेच, भाकर बी तीच."

खरं होतं त्याचं. त्याला माणूस घरात नसलं तरी चालतं, उलट बरंच. मला मात्र दारात गुरं लागतात, आणि गुरांमागं माणूस लागतं.

तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं, रामेश्वरनं, बैल गाडीला जुंपले आणि गायीचा कासरा सोडला. ते परत येईपर्यंत ती त्याच्या सासुरवाडीला ठेवायची होती.

"एक तरी जनावर दारात ऱ्हाऊ दे रं," तात्याबा म्हणाले.

"आबा, तिला पाणी कोन पाजील? तुमीच काठीवर चालता."

"मंग मला बी बांध की कुनाच्या तरी दारात!"

रामेश्वरनं गाय गाडीमागं बांधली. उज्ज्वलानं डोळे पुसले आणि गोवरी थापायला गोठ्यातला शेणाचा शेवटचा पो उचलू लागली.

"असू दे पोरी," तात्याबा म्हणाले. "त्यो किडा त्याच्यावरच जगतोय."

गाडी गेली. धूळही बसली. त्या शेणातून मी आणि माझ्या कारभारणीनं एक गोळी वळली, बांधाखाली पुरली. कारभारीण लेकरापाशी खालीच राहिली. मी वर एकटा. उरलेलं शेण वाळून खडखडीत झालंय. माझ्या पायांचे दातेही झिजलेत. तात्याबा रोज सकाळी झाडू घेऊन गोठ्यात येतात, काही नसतं, तरी थोडं झाडून जातात.

आबा, आता मी काही पुढचा पावसाळा बघत नाही. तेव्हा माझं पोर मातीतून वर येईल. दारात गुरं नसली, तर वास येईल तिकडं ते उडून जाईल. त्याच्यावर रागावू नका. पोटासाठी जातंय.