आबांची मूठ

"बैल थांबवू नकोस!" आबा मागून ओरडले. "तास मोडतं. किती वेळा सांगायचं?"

पण त्यांच्या पोरानं बैल थांबवले होते. थांबवायला सांगणारी त्याची बायको होती. ती पेरणीच्या तिफणीमागून वाकून चालत होती. तासात, म्हणजे तिफणीनं ओढलेल्या रेघेत, बी पडतंय का बघायचं आणि पायानं माती ओढायची, हे तिचं काम. मी शेजारच्या बांधावर बसून माझ्या तिफणीची नळी साफ करत होतो. आमची रानं लागून आहेत. त्यांचं भांडण ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

"मामंजी, तासात बी नाही."

"मातीखाली गेलं असेल. नीट बघ."

"उकरून बघितलं. त्या लिंबापासून इथपर्यंत एक दाणा नाही."

"मग नळी तुंबली असेल. नाहीतर तुझ्या डोळ्याला झापड आली असेल!"

आबांची मूठ म्हणजे गावात शेवटचा शब्द. तिफणीच्या वर लाकडी चाडं असतं. त्यात मुठीतून बी सोडत चालायचं, म्हणजे ते नळ्यांतून तासात उतरतं. मूठ सैल झाली तर दाट पडतं, आवळली तर विरळ. आबा डोळे मिटून चालले तरी पीक मोजून लावल्यासारखं उगवायचं. लोक पेरणीला त्यांना हात जोडून न्यायचे, आणि आबाही हात जोडून घेतल्याशिवाय जायचे नाहीत. इतर घरांत बाया मूठ धरतात. आबांच्या घरात बाईनं चाड्याला हात लावलेला मी पाहिला नाही.

मागच्या साली मात्र त्यांचाच गहू टकल्या डोक्यासारखा उगवला. आबा आधी म्हणाले, पाखरांनी खाल्लं. मग म्हणाले, बी सुनेनं निवडलं होतं, तिच्या हाताला बरकत नाही. चारचौघांत म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं आणि गोठ्यात निघून गेली. वर्षभर त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. रागावलंही नाही. नुसती जेवणं व्हायची.

यंदा आबांना कुणीच बोलावलं नाही. त्यांनीही कुठं विचारलं नाही.

आता रानातली ओल उडत चालली होती. कोरडा वारा सुटला होता आणि वरची माती पिठासारखी होत होती. आज पेरलं नाही तर या गव्हाचं काही खरं नव्हतं.

"मामंजी," सून म्हणाली, "मूठ उघडा."

"काय?"

"उजवी मूठ. उघडून दाखवा."

पोरगा बैलांच्या शिंगांकडे बघायला लागला. आबांनी हात पुढं केला. बोटं उघडेनात. मग त्यांनी डाव्या हातानं एकेक बोट सरळ केलं. आत गहू होता, घामानं ओला झालेला, भरलेल्या मुठीएवढाच. निम्मं तास चालून आले होते आणि कमरेला बांधलेल्या बियाच्या ओटीतून दुसरी मूठ घ्यायची वेळ आली नव्हती. हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे. आलंही असेल.

"कळत नाही का हातातलं?" पोरानं हळूच विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

सूनच म्हणाली, "मागच्या साली पेरणीच्या आधीपासून. चुलीवरचं भांडं धरलं होतं, कातडी सोलली तरी सोडलं नाही. मी पाहिलं होतं."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?" पोरगा तिच्याकडे वळला.

"कुणी विचारलं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. उघडली तेव्हा त्यात मूठभर गहू निघाला, बस्स.

मला वाटलं, आता आबा तिफणच मोडणार. त्यांनी फक्त कमरेची ओटी सोडली. गाठ सुटत नव्हती, ती सुनेनं सोडवली.

"बांध तुझ्या कमरेला," ते म्हणाले. "मागच्या साली पाखरं नव्हती." आणि तिच्या जागी जाऊन वाकून उभे राहिले. तिनं ओटी बांधली आणि चाड्यावर मूठ धरली. मला तिचा राग आला नाही आणि आबांची दयाही आली नाही. उन्हात बसून माझंही डोकं सुन्न झालं होतं. पोरानं बैल हाकले.

गहू उगवला. खालच्या आळीचा कुंभार वाटेनं जाताना थांबला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे बांधावर चहाला बसलो होतो.

"वा आबा! मूठ असावी तर अशी!"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. सून किटलीवर वाकली. आबांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिनंही चालवून घेतलं असतं.

"माझी नाही," आबा म्हणाले. "सुनेची. मला तर हातात बी आहे का नाही तेही कळत नाही."

कुंभार ओशाळला, काहीतरी पुटपुटत चालता झाला. मीपणा गेला की माणूस हलका होतो म्हणतात. आबा हलके झालेले काही मला दिसले नाहीत. होते तसेच बसून होते, शेताकडे बघत.

सुनेनं चहा ओतला. वर्षभर ती त्यांची कपबशी न बोलता जमिनीवर ठेवायची, चहा निवल्यावर. आज वाफाळता कप तिनं सगळ्यांसमोर पुढं केला.

"मामंजी, गरम आहे. डाव्या हातानं धरा."

आबांनी डावा हात पुढं केला.