फ्लॉवरचे तीन वास

ठमी बाबांच्या मांडीवर बसली होती आणि तिने तिचं काम उरकून ठेवलं होतं. मी दारातच थबकले, इतका दरवळ सुटला होता. बाबा मात्र तिला घोडा घोडा करत होते, तिच्या मानेत नाक खुपसून तिला हसवत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलत नव्हती.

"बाबा, द्या तिला इकडे. लंगोट भरलाय."

"हो का?" ते म्हणाले. आणि मग, जरा उशिरा, त्यांनी नाक मुरडलं. "हां, हां. भरलाय खरा."

तो उशीर माझ्या मनात रुतून बसला. नऊ महिन्यांच्या पोरीच्या आईला बाकी काही कळो न कळो, नाक खरं मुरडलंय की सोंग केलंय एवढं कळतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होते. आधी भाज्या चिरायला, मग चुलीवर, आणि शेवटची बारा वर्षं मुख्य आचारी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरचा ओटा त्यांच्या ताब्यात होता. मला आईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की या घरात सुनेला स्वयंपाकाचा सासुरवास नाही, कारण सासूलाच तिथे कोणी उभं करत नाही.

त्यांचा फ्लॉवर मी प्रथम खाल्ला तेव्हा मला गंमत वाटली होती ती वेगळ्याच गोष्टीची. ताटं पाच आणि भाजी पाच तऱ्हेची. आईंना कवळी आहे, त्यांचा फ्लॉवर चमच्याने नुसता दाबला तरी विरघळावा असा, वर लोणी. माझ्या नवऱ्याला कडा करपल्यासारख्या तांबूस लागतात, नाहीतर तो त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणतो. नणंदेला, म्हणजे ताईंना, तुरा दाताखाली करकरला पाहिजे, वर मिरी आणि लिंबू, बस. मला विचारलं तेव्हा मी नव्या नवरीच्या थाटात म्हणाले, "मला काहीही चालतं." बाबा म्हणाले, "काहीही चालणारा माणूस मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. आठवडाभर ताट बघतो, मग सांगतो." आठव्या दिवशी त्यांनी सांगितलं की मला बाहेरून जरा भाजलेला पण आत मऊ लागतो, आणि दांड्याकडचा भाग मी कडेला सारते. अगदी खरं होतं. मला स्वतःला ते तोवर माहीत नव्हतं.

ताटं बघायची ही सवय त्यांना रुग्णालयात लागली होती. जेवणं वाटून झाली की ते वरच्या मजल्यावर जाऊन परत आलेली ताटं पाहत. डॉक्टर खाटेच्या पायथ्याचे तक्ते वाचत, बाबा उष्टी ताटं वाचत. कोणी भाजी टाकली, कोणी नुसती चिवडली, कोणी पातळ रस तेवढा प्यायला. म्हाताऱ्यांच्या खोलीतली एक बाई रोज फ्लॉवर जसाच्या तसा परत पाठवायची. तिला पथ्य सोसत नाही असं तक्त्यावर लिहिलं होतं. बाबांनी खाटेजवळ जाऊन विचारलं, तर तिने तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

तेव्हापासून एकाच पातेल्यातून तीनदा भाजी उतरायला लागली. हाडं मोडून आलेली तरणी मुलं पहिल्या उताराला, बाळंतिणी दुसऱ्या, म्हातारी माणसं तिसऱ्या. आणि हे सगळं नाकावर. स्वयंपाकघरात शिरताना ते मनगटावरचं घड्याळ काढून खिळ्याला लावत. "घड्याळ कामावर यायला लागतं," ते मला सांगत. "भाजीला नाक लागतं. दोन गड्डे कधी एका वेळात शिजत नाहीत. पण वास सगळ्यांचे तेच तीन. पहिला ओल्या गवतासारखा. दुसरा गोड, दूध तापल्यासारखा. आणि तिसरा त्या गोडाची कड उतरायला लागते ना, तिथे. तिथे पकडायचा. तो हातचा सुटला की मग अख्ख्या जिन्याला कळतं आज काय शिजतंय ते."

तिसरा वास त्यांच्या हातून सुटलेला मी आजवर एकदाच पाहिला होता, आणि तो मागच्याच महिन्यात. नुसता सुटला नव्हता, पातेल्याचं बूड काळं होऊन धूर निघाला होता. नवरा अंघोळ अर्धी टाकून धावत आला, तर बाबा ओट्यापाशीच, पाठ करून लिंबू कापत उभे. ते पातेल्यावर चिडले. हल्ली पत्रा पातळ देतात म्हणाले. त्यानंतर ते भाजीपाशी उभे असताना त्यांच्या मनगटावर घड्याळ दिसायला लागलं. फ्लॉवर कधी कच्चा राहू लागला, कधी गाळ. आम्ही कोणी बोललो नाही, पण ताटं बोलत होती, आणि ती वाचता येणारा माणूस समोरच बसला होता.

माझ्या नवऱ्याने त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला होता. बाबा विसरायला लागलेत. त्याने ताईंना फोन करून सांगितलं होतं, आणि दोघा भावंडांचं ठरलं होतं की रविवारी ताई जेवायला येतील तेव्हा समोर बसवून सांगायचं: आता पुरे, स्वयंपाकाला बाई लावू, तुम्ही आराम करा. मला हे त्याने ऑफिसला जाताना बूट घालता घालता सांगितलं. आईंनी आतून ऐकलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना ओट्यापासून उठवलंत तर ते बसतील कुठे, तेही ठरवून ठेवा."

लंगोट बदलून झाल्यावर मी ठमीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाबा गड्ड्याची पानं काढत होते.

"बाबा, वास कधीपासून येत नाही?"

सुरी थांबली नाही. एक पान, दुसरं पान. मग ते म्हणाले, "थंडीत तो ताप आला होता ना, तेव्हापासून. रुग्णालयात जाऊन दाखवलं. येईल तर येईल म्हणाले."

"आणि चव?"

"मीठ कळतं. आंबट-गोड कळतं. बाकी सगळं एकतर ऊन, नाहीतर गार."

मी ह्यांना सांगू का, असं विचारलं. त्यांनी ठमीच्या हातात एक पान दिलं. ती ते चावायला लागली. "तू आई आहेस, पोरी. घरात गॅस आहे, लहान मूल आहे. सांगितलंस तर मी तुला चुकीची म्हणणार नाही." मग पुढचं पान काढत म्हणाले, "रविवार तेवढा होऊ दे." रविवारचं त्यांच्याही कानावर गेलं असावं.

गॅसचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रविवारला चार दिवस होते. ते चार दिवस मी शेगडीची बटणं दिवसातून दहादा तपासली, खिडकी उघडी ठेवली, बाबा ओट्यापाशी गेले की काही ना काही निमित्त काढून तिथेच घुटमळले. नवऱ्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्हीदा बाबांचं ते "तेवढा" आठवलं आणि मिटलं.

रविवारी ताई अकराला आल्या. येताना त्यांनी ठमीसाठी टोपी आणली, बाबांसाठी आरामखुर्चीत टाकायची उशी आणली. उशी पाहून बाबा हसले. "एवढी मऊ? म्हणजे उठायला नको," म्हणाले आणि आत गेले. मी ठमीला घेऊन पाठोपाठ.

आमचं दोघांचं काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी पाण्यात मीठ टाकलं, तुरे सोडले, आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी ठमीशी बोलायला लागले, आया बोलतात तसं, उगीच, लाडात.

"ठमे, अजून काही नाही हं. नुसतं पाणी तापतंय." मग, "ठमे, गवतात बसल्यासारखं वाटतंय का गं तुला?"

झारा पातेल्यात गेला. ताईंचे तुरे निथळून बाजूला आले. बाबांनी त्यांवर मिरपूड भुरभुरली.

दुसरा वास ओळखायला मला जड गेलं. एकदा वाटलं आला, मग वाटलं नाही. मी डोळे मिटून घेतले. तीन वर्षं हा वास माझ्याभोवती होता आणि मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, कारण लक्ष देणारा माणूस घरात होता. "दूध तापलं बरं का आमच्या सोनीचं," मी म्हणाले. झारा पुन्हा फिरला. नवऱ्याचे तुरे आणि माझे, तापल्या तव्यावर चर्र करत पडले.

आता फक्त आईंचा आणि ठमीचा उरला. तेवढ्यात ताईंनी दारातून मला खुणावलं. ठमीला आईंकडे देऊन त्यांनी मला हाताला धरून पार बाहेरच्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात सांगू लागल्या. त्यांच्या ओळखीची एक चांगली बाई आहे, सकाळी दोन तास येईल, हाताला चव आहे. बाबांना वाईट वाटेल, पण उद्या काही झालं तर. त्यांचे डोळे भरले होते. वडिलांविषयी वाईट बोलायची सवय नसलेल्या माणसाचं होतं तसं त्यांचं झालं होतं. मी मान हलवत होते आणि नाकाने स्वयंपाकघरात उभी होते. गोड होतं, गोड होतं, आणि मग त्या गोडाची कड जरा, अगदी जराशी, खाली उतरली.

"बाबा," मी तिथूनच हाक मारली, "ठमीला भूक लागलीय. काढा तिचा."

आतून झाऱ्याचा आवाज आला. ताई माझ्याकडे बघत राहिल्या, कारण ठमी आईंच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

आम्ही सगळे जेवायला बसलो. ताईंच्या तोंडातून करकर ऐकू येत होती. नवऱ्याने तव्यावरचे उरलेले तुकडेही वाढून घेतले. आईंनी पहिला घास तोंडात ठेवला आणि कवळी न हलवता गिळला. नवरा ताईंकडे पाहत होता, ताई ताटाकडे. शेवटी ताई म्हणाल्या, "बाबा, अगदी पूर्वीसारखा झालाय. आम्हाला उगीचच वाटत होतं की..." आणि थांबल्या.

तिथे सगळं मिटलं असतं. मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांनी चमचा ताटात ठेवला.

"मला चार महिने वास येत नाही," ते म्हणाले. "आजचा फ्लॉवर सुनेच्या नाकाने झाला. डोकं शाबूत आहे माझं, पण नाक गेलंय. तेव्हा इथून पुढे गॅस मी एकट्याने पेटवणार नाही. ती बाजूला असली तर शिजवीन, नसली तर चिरून ठेवीन."

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे ते पातेलं?"

"पातेल्याचा काही दोष नव्हता. मी उगीच त्याला बोललो."

ताई उठल्या आणि बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारख्या. तेव्हा आई शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. मी रोज गुडघ्यांना ते उग्र वासाचं तेल चोळते आणि चार महिन्यांत यांनी एकदाही त्याला नावं ठेवली नाहीत. आधी वाटलं प्रेम वाढलंय." सगळ्यात आधी बाबा हसले. मग आम्ही.

स्वयंपाकाच्या बाईचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढेही निघाला नाही. ताईंनी आणलेली उशी आता ठमीच्या पाठीशी असते.

दुपारी सगळे लवंडल्यावर मी ठमीला घेऊन तिची दुधाची बाटली उकळायला स्वयंपाकघरात गेले. बाबा स्टुलावर बसले होते. त्यांचा वाटा ओट्यावर तसाच झाकलेला होता. त्यांना स्वतःला फ्लॉवर पाणी आटून पातेल्याच्या बुडाशी लागलेला आवडतो, खरवडून काढलेला, तांबूस, ज्याचा वास आम्हा सगळ्यांना नको असतो. तो त्यांनी आजही जपून खरवडून घेतला होता आणि खाल्ला नव्हता. त्याऐवजी त्यांच्या हातात फ्लॉवरचा जाड दांडा होता, जो आम्ही टाकून देतो. त्यांनी त्याची साल काढली, पातळ चकत्या केल्या, वर मीठ टाकलं. एक चकती तोंडात घालून दाढेखाली मोडली. शांत घरात कर्र असा आवाज झाला.

माझ्या कडेवरची ठमी बोट चोखता चोखता थांबली आणि त्यांच्या जबड्याकडे बघायला लागली.

"एवढं अजून ऐकू येतं," बाबा म्हणाले, आणि तिच्याकडे तोंड करून त्यांनी दुसरी चकती मोडली.