नमुन्याबरहुकूम

मी एक जुना बाक आहे. दोघांनी शेजारीशेजारी बसायचा, पुढे लिहायची फळी असलेला, शाळेतला असतो तसा. पण मित्रांनो, मला लगेच इतर बाकांच्या रांगेत मोजू नका. मी नमुना होतो. सरकारी भांडारातला, लाखेचा लाल शिक्का मारलेला, सीलबंद नमुना. असा मान लाखात एखाद्याच लाकडाच्या नशिबी येतो, आणि तो माझ्या नशिबी आला याचा मला अभिमान आहे. तुम्ही याला गर्व म्हणालात तरी मी भांडायला येणार नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याचे छप्पर, दोन लांब टेबले, एक गोल करवत आणि जिकडेतिकडे भुसा. भुसा इतका, की बशी झाकल्याशिवाय तिथे कोणी चहा ठेवत नसे. हा कारखाना ताईंचा. रंधा आणि पटाशी त्यांना वडिलांकडून मिळाली होती, आणि लाकडावर नुसता तळवा फिरवून ते कुठे उंच आहे नि कुठे खोल, हे ओळखायची सवयही. त्यांच्या धाकट्या भावाला सगळी गल्ली 'चटकन' म्हणायची. कुठलेही काम सांगा, 'चटकन होईल' हे त्याचे उत्तर ठरलेले. ते चटकन होत नसे ही गोष्ट वेगळी. या दोघांच्या हाताखाली सहा कारागीर होते. काम कधी असायचे, कधी नसायचे. एखादा महिना दारे-खिडक्यांनी भरून जायचा आणि पुढच्या महिन्यात सगळे माशा मारत बसायचे.

अशाच एका रिकाम्या महिन्यात चटकन बातमी घेऊन आला. सरकारला शाळांसाठी तीनशे बाक हवे होते. आणि अशा खरेदीतला काही भाग फक्त छोट्या कारखान्यांसाठी राखून ठेवायचा, असा नियम झाला होता. मोठ्या कंपन्यांनी त्यात हात घालायचा नाही.

ताई म्हणाल्या, "अरे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. आपल्याला कोण विचारतंय?"

तरी त्या गेल्या. कचेरीत छोट्या उद्योगांसाठी एक वेगळा कक्ष होता आणि तिथे एक मॅडम बसत. त्या सरकारीच होत्या, पण 'थांबा' म्हणाल्या नाहीत. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, अर्ज समोर बसून भरून घेतला आणि शेवटी एक नियम दोनदा वाचून दाखवला. अर्जासोबत एक नमुना द्यायचा. तो पास झाला की त्यावर शिक्का बसणार, आणि मग सगळा माल नमुन्याबरहुकूम, म्हणजे हुबेहूब त्या नमुन्यासारखा, असायला हवा. ताईंनी मान हलवली. मित्रांनो, तो नियम त्यांनी ऐकला, पण मनावर घेतला नाही.

त्याच आठवड्यात ताईंची लेक शाळेतून रडत आली होती. बाकाच्या कडेची लाकडाची सल तिच्या मांडीत घुसली होती. ताईंनी ती सुईने काढली, लेकीला कडेवर घेऊन गप्प केले, आणि दुसऱ्या दिवशी मला करायला घेतले.

मग काय सांगू! सरकारी आराखड्यात खिळे ठोकायची मुभा होती. ताईंनी मला एकही खिळा मारला नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्याला तिच्या मापाची जीभ, आणि दोन्ही अशी बसवली की मध्ये कागदसुद्धा जाणार नाही. माझ्या सगळ्या कडा त्यांनी गोल केल्या. पेन्सिल घरंगळू नये म्हणून फळीवर पन्हळ काढली, पाय टेकायला खाली आडवी पट्टी दिली, दप्तर अडकवायला दोन्ही बाजूंना लोखंडी हुक लावले. फळीची खालची बाजू, जी कोणी बघत नाही, तीही वरच्याइतकीच घासली. चटकन येता-जाता म्हणायचा, "ताई, बाक करतेयस की बाळाचा पाळणा?"

मी पास झालो हे सांगायला नकोच. भांडाराच्या उंच खोलीत मला ठेवले आणि माझ्या पायावर लाखेचा शिक्का बसला. शेजारी एक नापास नमुना मालकाची वाट पाहत उभा होता. तो होता मिस्त्रीकाकांचा. मिस्त्रीकाका म्हणजे मागच्या गल्लीतले जुने सुतार, ताईंचे पक्के स्पर्धक. त्यांचा बाक चांगला भक्कम होता, पण खिळ्यांचा होता. येणारे-जाणारे माझ्या फळीवरून हात फिरवून 'वा!' म्हणत आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मी तेव्हा तरुण होतो, आणि मला त्यात फार मजा वाटे.

ती मजा पन्नास बाकांची पहिली खेप येईपर्यंतच टिकली.

झाले होते असे, की माझ्यासारखा एक बाक करायला कारखान्यातल्या माणसांचे दिवसच्या दिवस जात होते. एका बाकाला ते ठीक होते, पण तीनशेंना? मुदत अर्ध्यावर आली आणि बाक पाव भागही झाले नाहीत. तेव्हा चटकनने ताईंना गळ घातली, की आराखड्यात खिळे चालतात ना, मग खिळे मारू. ताई नाइलाजाने हो म्हणाल्या. त्या खेपेतले बाक भांडारात उतरले तेव्हा मी त्यांना ओळखलेच नाही. माझेच भाऊ ते, पण कडा टोकदार, पन्हळ नाही आणि हुकांच्या जागी वाकवलेले खिळे.

तपासायला जे साहेब येत त्यांना सगळे मागून 'इंचपट्टी' म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना हसताना कोणी पाहिले नव्हते. त्यांनी मला बाहेर आणवले, माझ्या शेजारी एक नवा बाक ठेवला आणि दोन्ही फळ्यांच्या खालून हात फिरवला. नव्या बाकाखालून हात काढला तेव्हा त्यांच्या बोटावर रक्ताचा ठिपका होता.

"हे नमुन्याबरहुकूम नाहीत," ते म्हणाले.

"साहेब, आराखड्याप्रमाणे आहेत की!" चटकन म्हणाला. "खिळे चालतात असं लिहिलंय त्यात."

"लिहिलंय. पण नमुना आम्ही नव्हता मागितला असला. तुम्ही दिलात. आता तोच धरावा लागणार."

सगळी खेप परत गेली. महिन्याभरात योग्य माल आला नाही तर काम रद्द होणार होते, आणि पुढची तीन वर्षे ताईंना राखीव खरेदीत भाग घेता येणार नव्हता. तीन वर्षे तो कारखाना कशावर चालणार? सहा कारागिरांची सहा घरे त्या भुशावर उभी होती. मित्रांनो, ज्या चांगुलपणाचा मला एवढा तोरा होता, तोच माझ्या आईसारख्या ताईंच्या मुळावर उठला होता. ती रात्र मला फार जड गेली.

दोन दिवसांनी कक्षातल्या मॅडम ताईंना आणि चटकनला घेऊन भांडारात आल्या. त्यांनी नियमांचा सगळा गठ्ठा चाळून एक वाट काढली होती. नमुना बदलून मागता येत होता. आराखड्याप्रमाणे केलेला खिळ्यांचा साधा बाक द्यायचा, शिक्का त्याच्यावर बसवायचा आणि मला घरी न्यायचे. त्यात काहीच बेकायदा नव्हते.

चटकनला तर देव भेटल्यासारखे झाले. "ताई, सही कर, चटकन!"

ताईंनी पेन घेतले. पण सही करण्याआधी त्या माझ्यावर बसल्या. तयार झाल्यापासून माझ्यावर कोणीच बसले नव्हते. कोण बसणार? नमुना ना मी! त्यांचे वजन माझ्या सांध्यांनी पहिल्यांदा पेलले आणि एकही सांधा कुरकुरला नाही. ताईंनी पेन माझ्या फळीवरच्या पन्हळीत ठेवून दिले.

मग म्हणाल्या, "मॅडम, नमुना खाली नाही आणायचा. माल वर न्यायचा. पोरं बसणार आहेत त्याच्यावर. पण हे माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं."

चटकनने कपाळावर हात मारला. मॅडम मात्र हसल्या. "एकटीनं करा असं कुठं लिहिलंय, ताई? दोन-तीन छोट्या कारखान्यांनी मिळून माल दिला तर चालतो. त्यासाठी मुदतही वाढवून मिळते. आणि गावाच्या टोकाला आपली सामाईक यंत्रशाळा आहे, ती कधी पाहिलीत का?"

ताईंनी ती पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती. छोट्या कारागिरांना परवडणार नाहीत अशी यंत्रे सरकारने तिथे आणून ठेवली होती, आणि दोन वर्षे ती चादरी पांघरून झोपली होती. सरकारी आहे म्हणजे बंदच असणार, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. दार ढकलून बघायचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

आता ताईंना हवा होता जोडीदार. त्या कोणाकडे गेल्या असतील? थेट मिस्त्रीकाकांकडे! मापे घेता यावीत म्हणून भांडाराने परवानगी देऊन, खूणही उरणार नाही असा माझा शिक्का काढला होता आणि मला यंत्रशाळेत पाठवले होते. त्यामुळे पुढचे सगळे माझ्यासमोरच घडले. मिस्त्रीकाका आले आणि कमरेवर हात ठेवून माझ्याभोवती फिरले.

"हाच ना तो दीडशहाणा? ह्याच्यामुळे माझा नमुना पडला." मग ताईंकडे वळून म्हणाले, "पोरी, हा करताना तुझा हात रोखायला कोणी नव्हतं का?"

"कोणी असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते, काका?"

काका खाली वाकले. माझा एक सांधा नखाने चाचपला, मग दुसरा, मग तिसरा. उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "बापाचा हात आलाय तुझ्यात. खाचा मी पाडतो. यंत्र कुठंय ते दाखव."

आणि मग ती यंत्रशाळा जागी झाली, मित्रांनो! ज्या खाचेला ताईंना पटाशीने अर्धा दिवस लागायचा, ती यंत्र बघताबघता पाडू लागले. खाचा आणि जिभा मिस्त्रीकाकांच्या माणसांकडे, घासणे आणि जोडणे ताईंच्या माणसांकडे. हुक करायला एक लोहार नवरा-बायको आले, त्यांचा भाता शेजारच्याच आळीत होता. मी मधोमध उभा होतो. दिवसभर कोणी ना कोणी येऊन माझ्यावर पट्टी धरी, बोटे फिरवी, डोळे बारीक करून बघे. सुरुवातीला काका आणि ताई जेवायला वेगवेगळ्या कोपऱ्यात बसत. नंतर डबे एकाच टेबलावर उघडू लागले. चटकननेही एवढे काम केले, की त्याला 'चटकन होईल' म्हणायला फुरसत मिळाली नाही. अशी धामधूम माझ्यामुळे चालली आहे हे बघताना माझी छाती, म्हणजे माझी फळी, फुगायचीच बाकी राहिली होती.

वाढीव मुदत संपायच्या आत सगळे बाक भांडाराच्या आवारात रांगेने उभे राहिले. मलाही त्यांच्याबरोबरच गाडीतून उतरवून रांगेत ठेवले होते. इंचपट्टी साहेब आले. त्यांनी घाई केली नाही. काही बाक त्यांनी उलटे करून पाहिले, काहींवर स्वतः बसून पाहिले, आणि प्रत्येक फळीच्या खालून हात फिरवला. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

शेवटच्या बाकाखालून हात काढून साहेबांनी बोटे पाहिली. बोटे स्वच्छ होती.

"पास," ते म्हणाले. "आता तेवढा नमुना द्या इकडे. शिक्का मारून आत ठेवायचाय."

सगळे रांगांकडे बघू लागले.

"हा असेल," चटकन म्हणाला. "नाही, थांबा, तो पलीकडचा." मिस्त्रीकाकांनी पाचसहा बाक चाचपले आणि डोके खाजवले. मग ताई पुढे झाल्या. एकेका बाकावर हात ठेवत त्या माझ्यापर्यंत आल्या. त्यांचा तळवा माझ्या फळीवर टेकला. आणि ताई पुढच्या बाकाकडे गेल्या.

खोटे कशाला सांगू, तेवढा एक क्षण मला वाईट वाटले. ज्या हातांनी मला घडवले त्यांनी मला ओळखू नये? पण तेवढ्यात ताई थांबल्या, सगळ्या रांगांवरून त्यांनी नजर फिरवली आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला पण नाही ओळखू येत."

तेव्हा इंचपट्टी साहेब हसले. हो, हसले! मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. "मग कुठलाही द्या," ते म्हणाले. दारापाशी जो बाक होता तोच उचलला गेला, आणि लाखेचा शिक्का त्याच्या पायावर बसला. मी गाडीत चढलो आणि शाळेत आलो.

ताई, मिस्त्रीकाका आणि लोहार जोडपे, या तिघांच्याही कारखान्यांना पुढे आणखी कामे मिळाली. यंत्रशाळेत आता आधी नाव नोंदवून पाळी लावावी लागते, असे दुरुस्तीला जाऊन आलेला एक बाक सांगत होता. सरकारने दार केले होते, पण ते ढकलायला ताईंसारखे कोणीतरी लागते, आणि ढकलायला सोबत घ्यायला मिस्त्रीकाकांसारखे कोणीतरी. तुमच्या गल्लीतही असे एखादे पत्र्याचे छप्पर असेल. तिथल्या भुशाला नाक मुरडू नका.

मी या शाळेत किती पोरांना बसवले याची गणती नाही. माझे पॉलिश उडाले आहे, पन्हळीत शाई मुरली आहे. कोणी माझ्यावर उभे राहते, कोणी कंपासच्या टोकाने नाव कोरते. तक्रार करत नाही, फक्त एक विनंती करतो. भांडारात शिक्का लावून बसलेला आहे तो माझा भाऊ, आणि तो माझ्याइतकाच चांगला आहे. खरा नमुना तुमच्या शाळेतल्या बाकांतच कुठेतरी आहे, पण कुठला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ताईंनाही आले नाही. म्हणून मित्रांनो, प्रत्येक बाक मीच आहे असे समजून त्याला जपा. तुम्ही आत्ता बसला आहात, तोही.