पानाबाईंचा होकार

पानाबाईंना पक्षाघात झाला त्या वर्षी कारंज्याच्या बाजारात कापूस अमाप आला होता, त्यामुळे थोरला मुलगा हीरालाल पेढी सोडून आईजवळ फारसा बसला नाही. जीभ गेली, हातपाय गेले. पापण्यासुद्धा हुकमाबाहेर, वाटेल तेव्हा मिटायच्या. डोकं मात्र शाबूत होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. अंथरूण ओलं झालं तरी दुपारपर्यंत सुना फिरकत नसत.

नणंदेचा मुलगा देवेंद्रकुमार परदेशात डॉक्टरी शिकून आला होता. त्याने नागपूरहून एक डबा आणला. डोक्याला तारा चिकटवायच्या. मन निवांत झालं की डबा भुंग्यासारखा गुणगुणायचा.

"गुणगुणला म्हंजे हो, गप राह्यला म्हंजे नाही," तो म्हणाला. "मामी, आवाज आयकता आयकता तुमीच शिकसान."

डबा जरा गुणगुणला की हीरालाल टाळी वाजवून आईला म्हणायचा, "शाबास, बाई!" सुना धावत यायच्या. पानाबाईंना हर्ष व्हायचा आणि त्या हर्षानेच डबा बंद. मग हीरालाल चिडायचा, "आता काहून थांबली? जोर लाव ना!" जोर लावला की मुळीच नाही.

लेक अंगुरीबाई कामरगावहून आली की मात्र जमायचं. ती वाहवा करायची नाही, रागवायची नाही. शेजारी मुगाची डाळ निवडत बसायची. पानाबाई जन्मभर सामायिकाला, जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसलेल्या. सगळी इच्छा बाजूला ठेवून स्थिर बसणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आवाज आला तरी हुरळायचं नाही, एवढंच त्या नव्याने शिकल्या.

एक दिवस अंगुरी भावाला म्हणाली, "मी बाईले कामरगावले नेतो."

"लेकीच्या घरी? आपून तिथलं पानीबी पेत नाही. बाजार थुंकल माह्या तोंडावर."

"बाजाराले कायले इचारतं? बाईलेच इचार."

देवेंद्रकुमारने तारा लावल्या. घरचे सगळे दाराशी जमले. अंगुरीने वाकून विचारलं, "बाई, माह्यासंगं येतं का?"

पानाबाईंच्या आत एकच कल्लोळ उठला. लेकीचा हात, कोरडं अंथरूण, कुणीतरी जवळ. निवांत हो, निवांत हो, त्या स्वतःला बजावत राहिल्या. पण जितकं हवं होतं तितका डबा गप. अंगुरीने पुन्हा विचारलं. गप.

मग हीरालाल पुढे झाला. "बाई, इथंच राह्यचं ना?"

संपलं, असं पानाबाईंना वाटलं. आशाच सुटल्यावर मन आपसूक तळाशी जाऊन बसलं. आणि डबा गुणगुणू लागला, संथ, लांब.

"घ्या!" हीरालाल म्हणाला. "मशीन काय माह्या पेढीवरचा काटा हाये, खोटं बोलाले?"

सुना हसल्या. देवेंद्रकुमारने मामींचा खांदा थोपटला. हवंहवंसं वाटलं की डबा गप होतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण असा स्वच्छ आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता, आणि त्या कौतुकात तो बाकीचं विसरला.

अंगुरीने पिशवी उचलली. "मीच येडी, बाई. तुले लेक नको, लेकाचं घर पायजे," म्हणाली, आणि दुपारच्या एसटीने गेली.

डबा नागपूरला परत गेला. बाईंना आता विचारायचं काय राहिलंय, असं हीरालालचं म्हणणं पडलं. संक्रांतीला अंगुरी कारंज्यात आली होती. भावजयांच्या हाती तिळगूळ देऊन दारातूनच फिरली. पानाबाईंनी आतल्या खोलीत तिचा आवाज ओळखला.