उमाक्काच्या हातातला कोयता

अरे थांब की, जातोस कुठं? आज धारवाडजवळ, बेलूरच्या शूटिंगच्या शेडमध्ये काय झालं ते ऐक आधी. माझं पातं अजून थरथरतंय.

मी कोयता बोलतोय. सिनेमातला कोयता. म्हणजे ऊस, नारळ असलं काही मी कधी तोडलेलं नाही. मी फक्त माणसं कापतो, तीही खोटी खोटी.

जन्म इथलाच, बेलूरचा. ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा भट्टीत लाल केला, घणानं बडव बडव बडवला, आणि मी झालो. बाकीच्या कोयत्यांना शेवटी धार लावतात, माझी मात्र कानशीनं घासून घालवली. मग हणमंतनं मला ट्रंकेत घातलं. हणमंत म्हणजे शूटिंगचं सामान सांभाळणारा, दाजीबानपेठेतला. ट्रंकेत माझा एक रबरी जुळा भाऊ पण आहे. पोटात खुपसायचं असलं की तो, जवळून चमकायचं असलं की मी.

आणि मला धरणारा हात उमाक्काचा. खरं नाव इफेओमा, नायजेरियाची. युनिटमध्ये कुणाची जीभ वळेना म्हणून उमा झाली, आणि आपल्याकडं उमाची उमाक्का व्हायला किती वेळ लागतोय? तिकडं ती हिरॉइन होती रे! आई बाजारात कापड विकायची आणि त्याच बाजारात लेकीची पोस्टरं. भावाला धारवाडच्या कॉलेजात सोडायला आली, एका डायरेक्टरनं बघितलं, राहिली. कामं मिळाली, पण कसली? ड्रग्ज विकणारी, चेटकीण, व्हिलनची बॉडीगार्ड. कुणी गोळी घातली, कुणी जिवंत जाळली, एकानं तर लॅमिंग्टन रोडवर जीपला बांधून फरफटवली. हणमंतला हसत सांगत होती, मी तिच्या मांडीवरच होतो. म्हणाली, "तिकडं मी पिक्चरच्या शेवटी लग्न करायची, इथं इंटरव्हलच्या आत मरते."

तिची एक सवय होती. शॉटच्या आधी मला डाव्या तळव्यावरून एकदा फिरवायची. तिकडच्या तिच्या पहिल्याच पिक्चरमध्ये कुणीतरी शेतातला खरा कोयता उचलून आणला होता, आणि सोबतच्या मुलीची दोन बोटं तिथल्या मातीत पडली होती. तेव्हापासून ही तपासणी. इथले लोक मात्र तिला हसायचे.

आता आजचं ऐक. या पिक्चरचा हिरो प्रभंजन. सकाळी त्यानं तिचा गळा दाबायचा सीन होता. नुसता हात ठेवायचा, बाकी तिनं करायचं, असं ठरलेलं. यानं खरंच दाबला. डोळे पांढरे झाले तिचे, टाचा फरशीवर आपटत होत्या, तरी सोडेना. साकेत म्हणजे आमचा डायरेक्टर, तो कट म्हणायच्या ऐवजी कॅमेरा जवळ घे म्हणाला. सुटल्यावर ती गुडघ्यावर बसून ओकली. गळ्यावर पाच बोटं उठलेली. साकेत म्हणाला, लई रिअल आलंय, ठेवूया.

आणि प्रभंजन सगळ्यांसमोर, लाडात येऊन, "काय अक्का, लागलं का? तुम्ही आफ्रिकेतली माणसं, वाघाबरोबर खेळता की."

तिनं तोंड पुसलं. "आमच्याकडं वाघ नाहीत. तुमच्याकडं आहेत. पण तेही गळा धरायच्या आधी गुरगुरतात म्हणे."

युनिट हसलं. प्रभंजन नाही हसला.

दुपारी माझा सीन. तिनं त्याला पिंपाला दाबून मला त्याच्या गळ्यावर लावायचं, डायलॉग मारायचा, मग त्यानं तिचा हात पिरगाळून मला हिसकायचं आणि माझ्या जागी रबरी भाऊ घेऊन तिलाच भोसकायचं. हणमंतनं मला बाहेर काढलं. अंगावर परवा हणमंतच्या घरी झालेल्या खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू तसंच होतं. तिनं तळवा पुढं केला, मला फिरवलं. तळवा लाल. तिला वाटलं कुंकू. मग ते कुंकू मनगटावरून वाहायला लागलं.

अरे, मला धार होती!

हणमंतच्या आईनं, वत्सलाक्कांनी, पूजेला मांडायच्या आधी मला गल्लीतल्या धारवाल्याकडून पाजळून घेतलं होतं. बोथट हत्यार देवीपुढं मांडायचं म्हणजे तिचा अपमान, असं म्हणत होत्या. लेकाला सांगायचं राहिलं. मी दोन दिवस ट्रंकेत ओरडतोय, पण कोयत्याचं कोण ऐकतंय?

तिनं हणमंतकडं बघितलं. तो बिचारा दिव्याची वायर सोडवत होता. तिनं मूठ मिटली, मला उचललं, आणि साकेत ॲक्शन म्हणाला.

धाडकन पिंपावर आपटलं त्याला. मी गळ्यावर. त्याची शीर माझ्याखाली टणाटणा उडत होती. ती कानाशी गेली, "आज हा खरा आहे. हलू नकोस."

तो हसला. मग तिच्या मुठीतून गळणारं रक्त त्याच्या शर्टावर पडायला लागलं. हसणं तिथंच विझलं.

साकेत ओरडतोय, हात पिरगाळ तिचा. कोण पिरगाळतंय! ती अजून रेलली. कातडी फाटली रे, मला कळलं, गरम लागलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आणखी आत जायचं होतं. लोखंडच ते. तिच्या गळ्यावरची पाच बोटं माझ्यासमोरच होती.

"आता विचार," ती म्हणाली. "सकाळी विचारलंस ना, तसंच."

तो पुटपुटला, "अक्का... लागलं का?"

"होय. लागलं."

आणि तिनं मला बाजूला घेतलं.

शेडमध्ये टाळ्या. साकेत नाचतोय, काय ॲक्टिंग, ठेवूया हेच. प्रभंजन पिंपाला टेकून खाली बसला. गळ्यावर लाल दोरा उमटलेला. ती हणमंतजवळ गेली, मला त्याच्या हातात दिलं. त्यानं अंगठा लावला आणि पांढराफटक पडला. ती हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. आईला सांग, पूजा पावली. आणि याची धार घासून काढ."

आता मी ट्रंकेत, रबरी भावाच्या शेजारी. उद्या सकाळी कानस येणार, परत मी बोथट. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, वाळल्यावर मलाही सांगता येईना.

पण मला झोप नाही रे. हात तिचा होता म्हणून मी थांबलो. सकाळी तुझा गळा असा दाबला असता, आणि दुपारी मी तुझ्या हातात असतो, तर तू काय केलं असतंस?