इर्जिकीचं जेवण

वैष्णवी एकदा मनात धरलं की सोडत नाही, हे गुंजवण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी शिंग मारलेल्या रेड्याशी ती वर्षभर बोलली नव्हती. त्यामुळे मोबाईलवरचं नाव वाचून ती गालात हसली, तेव्हा तिची आई रतनबाई चुलीपुढूनच म्हणाली, "कुणाचं मरण आलं गं?"

फोन स्वानंदचा होता. स्वानंद भोरचा, कॉलेजात तिच्या पुढे. पुण्यातल्या ज्या कंपनीत वैष्णवीने पहिली नोकरी धरली, तिथे तो तिचा साहेब होता. कंपनी इंद्रायणी तांदूळ थेट शेतकऱ्याकडून चढ्या भावाने घ्यायची. दलालांनी शेतकऱ्याचं सोंग घेऊ नये म्हणून स्वानंदने एक ॲप करवून घेतलं. प्रत्येक घराने भाताची लावणी चालू असताना आपल्या खाचरातला फोटो टाकायचा. ॲप चेहरे ओळखणार आणि तेच चेहरे बऱ्याच जणांच्या शेतात दिसले, तर सगळा गट बोगस ठरवणार.

असं ॲप कुणावर अन्याय करील का, हे आधी शोधून सांगणं हेच वैष्णवीचं काम. तिने बैठकीत सांगितलं, "आमच्याकडे इर्जिक असते. आज सगळा गाव आमच्या खाचरात, उद्या ठकुबाईच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. त्यामुळे तेच चेहरे सगळीकडे दिसणार, आणि खरे शेतकरी तेच."

"गावच्या गमतीजमती जेवणाच्या सुट्टीत सांग," स्वानंद म्हणाला. सगळे हसले.

झालं तिने सांगितलं तसंच. अख्खं गुंजवणे बोगस ठरलं. दलाल मात्र सुटले. ते दर फोटोला वेगळी भाडोत्री माणसं उभी करत होते. गाव खवळलं तेव्हा स्वानंद स्वतः आला, देवळाच्या पारावर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "तुमच्याच वैष्णवीने तपासून दिलं. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला."

वैष्णवीने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. पण पारावर बोललेला शब्द तिच्या राजीनाम्याने पुसला गेला नाही. गावात कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त रतनबाईच्या इर्जिकीला कुणी आलं नाही. बाकीची जमीन धरणात गेल्यावर उरलेली दोन खाचरं मायलेकींनीच लावायला घेतली. एक कसंबसं लागलं, दुसरं पडीक राहिलं. रतनबाईची कंबर तेव्हा धरली ती नीट सुटलीच नाही. वैष्णवी रोज रात्री त्या कमरेला तेल चोळायची आणि स्वानंदचं नाव मनात घोटायची.

पुढे ती धोरणाचा अभ्यास करून सरकारी समितीवर गेली. कुठलंही ॲप सरकारी योजनेत येण्याआधी ही समिती ते तपासून प्रमाणपत्र देते. "काय करती गं तुजी लेक?" कुणी विचारलं की रतनबाई सांगायची, "मशीन खोटं बोलतंय का बघती."

आणि आता स्वानंदला तेच ॲप सरकारला विकायचं होतं.

"वैष्णवी, तुमच्या समितीपुढे आमचं ॲप आलंय," फोनवर त्याचा आवाज मधात बुडवलेला होता. "जुनं सगळं विसरून जाऊ या का?"

"आमची लावणी चालू आहे. गुरुवारी ये. ॲप घेऊन ये. बघू."

गुरुवारी नसरापूरवरून त्याची गाडी आली. नवेकोरे गमबूट घालून तो बांधावर उतरला. ठकुबाईच्या खाचरात बायका ओणव्या होत्या.

"सायेब, बोगस लोकांत आलाय, तोंड झाका!" ठकुबाई ओरडली.

स्वानंद हसला. त्याला हसणं भाग होतं.

"ॲप चालवून दाखव," वैष्णवी म्हणाली. "शेतकरी म्हणून तूच उभा राहा."

बायकांच्या रांगेत उभा राहून त्याने ठकुबाईच्या खाचरात फोटो दिला. मग सखूबाईच्या, मग ज्ञानूच्या, प्रत्येक वेळी हातात रोपांचा मुठा आणि तोंडावर तेच हसू. रतनबाई एकटीच लावत होती त्या खाचरात मात्र मोबाईल लाल झाला. वैष्णवीने मोठ्याने वाचलं, "बोगस गट. ही व्यक्ती योजनेतून कायमची वगळण्यात आली आहे."

चिखलात बसून सखूबाई हसायला लागली. "आता दाद कुठं मागायची वं, सायेब?"

"त्यातच तक्रारीची सोय आहे," म्हणत त्याने बोट दाबलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं: आपली तक्रार तपासून निकाली काढली आहे.

"आमाला बी ह्योच जबाब आला व्हता!" ठकुबाई ओरडली.

स्वानंद वैष्णवीला बांधाच्या टोकाला घेऊन गेला. "काय हवंय तुला?"

"पारावर जे बोललास ते दुरुस्त कर. इथंच, ह्यांच्यापुढे."

"मग प्रमाणपत्र देशील?"

वैष्णवी राजगडावरच्या ढगाकडे बघत राहिली. गप्प माणूस म्हणजे कबूल माणूस, असं धरून चालायची स्वानंदची जुनी सवय होती. तो मागे फिरला आणि घसा खाकरून म्हणाला, "वैष्णवीने आम्हाला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि नंतर तुमच्यापुढे तिचंच नाव घेतलं."

ठकुबाईने वैष्णवीकडे न बघताच काष्टा घट्ट केला, बांध ओलांडला आणि रतनबाईच्या खाचरात उतरली. "रतने, मुठं फेक हिकडं. बघत काय ऱ्हायलीस?" तिच्यामागून सगळ्या उतरल्या.

रतनबाईने पदराने डोळे टिपले. वैष्णवीला वाटलं होतं, आता आतली आग विझेल. पण आई वाकली, तिचा हात आपसूक कमरेवर गेला आणि आग होती तिथेच राहिली.

स्वानंद गाडीकडे निघाला, तर रतनबाई म्हणाली, "कुठं चालला? इर्जिकीला आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत."

"आई, तो फोटोपुरता उतरलाय."

"मग लावू दे की चार रोपं."

प्रमाणपत्रासाठी स्वानंद ओणवा झाला. त्याने लावलेली रोपं ठकुबाई त्याच्या मागोमाग उपटून पुन्हा लावत होती.

दुपारी पंगत बसली. वाढायला वैष्णवी होती. पावट्याच्या आमटीत भाकरी कुस्करत स्वानंदने हळूच विचारलं, "मग सही कधी करतेस?"

"मी नाही करणार. तुझं नाव दिसलं त्याच दिवशी मी समितीला लिहून दिलं, ह्या माणसाशी माझं वैर आहे, मला बाजूला ठेवा. तपासणी दुसऱ्यांनी केली. तुमचं ॲप सोमवारीच नापास झालंय, पत्र वाटेत आहे."

त्याचा घास हातातच राहिला. "मग आज मला इथं… तू तर देते म्हणाली होतीस!"

"कधी?"

तो आठवत राहिला. आठवण्यासारखं काही नव्हतंच.

"वाढ गं त्यास्नी," चुलीपासून रतनबाई म्हणाली. "लाजत्यात."

वैष्णवीने आणखी एक भाकरी त्याच्या ताटात ठेवली. "इर्जिकीत ताट टाकायचं नसतं," ती म्हणाली आणि त्याच्या समोर मांडी घालून बसली, त्याचा शेवटचा घास उतरेपर्यंत.